जुन्या मार्गावरची गर्दी फोडायची, तर नवी मार्गिका कुठून न्यायची?

शहरातली एखादी मेट्रो किंवा उपनगरी रेल्वे खच्चून भरू लागली की दोन तोटे एकदम होतात. पहिला सगळ्यांना दिसतो: डब्यात श्वास घ्यायला जागा नाही, दाराशी रेटारेटी, फलाटावर दोन-दोन गाड्या सोडून द्याव्या लागतात. दुसरा तोटा वेळापत्रक सांभाळणाऱ्यांनाच जाणवतो. गर्दी वाढली की त्याच रुळांवरून तासाला कमी गाड्या जाऊ लागतात. ज्या तासाला गाड्यांची सर्वांत जास्त गरज, नेमकी त्याच तासाला मार्गाची क्षमता घटते.

हे कसं होतं, ते एका फलाटावर उभं राहून पाहू. सहा डब्यांची गाडी आहे, प्रत्येक डब्याला एका बाजूला चार दारं, म्हणजे एकूण २४. या स्थानकात ३०० जण उतरणार आहेत आणि ३०० चढणार आहेत. भागाकार केला तर दाराला २५ माणसं. पण फलाटावर माणसं भागाकाराप्रमाणे उभी राहत नाहीत. जिना जिथे उतरतो तिथल्या दोन-तीन दारांशी ४० जणांची चढउतार होते. डब्यात मोकळी जागा असेल तर एका दारातून सेकंदाला दीड माणूस आत-बाहेर होतो, म्हणजे सुमारे २७ सेकंद. दार उघडण्या-मिटण्याचे आठ-दहा सेकंद धरले तर गाडी ३५ सेकंदांच्या आसपास सुटते. डबा भरलेला असेल तर चित्र बदलतं. उतरणाऱ्याला माणसांतून वाट काढावी लागते, दाराजवळचे काहीजण त्याला जागा द्यायला फलाटावर उतरतात आणि पुन्हा आत शिरतात. वेग सेकंदाला एक माणूस किंवा त्याहूनही खाली येतो. कुणाची बॅग अडकली की मिटलेलं दार पुन्हा उघडतं. थांबा ६० सेकंदांवर जातो.

आता मागून येणाऱ्या गाडीचा हिशोब. पुढची गाडी फलाट सोडून पुरेशी लांब जाणं आणि मागची सुरक्षित अंतर राखत फलाटात येऊन उभी राहणं, याला चांगली सिग्नल यंत्रणा असली तरी साधारण ६० सेकंद लागतात. छोटेमोठे उशीर पचवायला २५ सेकंद राखीव धरू. थांबा ३५ सेकंदांचा असताना दोन गाड्यांमध्ये १२० सेकंद पुरतात आणि तासाला ३० गाड्या जातात. थांबा ६० सेकंदांचा झाला की १४५ सेकंद लागतात, तासाला जेमतेम २५ गाड्या. एका गाडीत १,८०० माणसं धरू. चौरस मीटरला सहाजण उभे, असा नियोजनात नेहमी वापरला जाणारा हिशोब त्यामागे आहे. म्हणजे ताशी ५४,००० ची क्षमता ४५,००० वर आली. एका स्थानकातल्या २५ जादा सेकंदांनी अख्ख्या मार्गावरची ९,००० माणसांची जागा खाल्ली.

म्हणून भार हलका करण्यासाठी नवी मार्गिका आखताना "तिच्यावर किती प्रवासी येतील?" हा पहिला प्रश्न धरला तर वाट चुकते. पहिला प्रश्न असा हवा: जुन्या मार्गावरच्या त्या एका गच्च पट्ट्यातून, गर्दीच्या तासाला, त्या एका दिशेने जाणारी किती माणसं कमी होतील? नवी मार्गिका स्वतः तुडुंब भरूनही जुन्या मार्गावरची गर्दी जराही हलली नाही, असं होऊ शकतं.

लंडनच्या व्हिक्टोरिया मार्गिकेचा अभ्यास या बाबतीत पायाभूत मानला जातो. ख्रिस्तोफर फॉस्टर आणि मायकेल बीसली या अर्थतज्ज्ञांनी १९६३ साली तिच्या लाभ-खर्चाचा ताळेबंद मांडला. तिकिटाच्या उत्पन्नातून ही मार्गिका खर्च भरून काढणार नव्हती. पण त्यांनी वाचणाऱ्या वेळेचा आणि सुटणाऱ्या गर्दीचा हिशोब केला, तेव्हा लाभाचा फार मोठा वाटा अशा लोकांच्या पदरात पडताना दिसला, जे नव्या गाडीत पाऊलही ठेवणार नव्हते. जुन्याच भुयारी गाड्यांनी, बसने आणि रस्त्याने जाणारे हे लोक. मार्गिका १९६८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली.

गच्च पट्टा नेमका कोणता

"अमुक मार्गावर गर्दी आहे" एवढ्यावर आखणी होत नाही. प्रत्येक दोन स्थानकांमधल्या पट्ट्यावर, प्रत्येक पंधरा मिनिटांत, एका दिशेने किती माणसं जातात याचा आलेख लागतो. तो काढला की बहुतेक वेळा असं दिसतं की उपनगराकडून शहराच्या मध्याकडे येताना भार पायरीपायरीने वाढत जातो आणि शेवटच्या दोन-तीन पट्ट्यांत शिखर गाठतो. क्षमता त्या शिखरापुरती तोकडी असते. बाकी मार्गावर अजून जागा असते.

तिकिटाच्या यंत्रातून माणूस कुठे आत गेला आणि कुठे बाहेर पडला ते कळतं. मध्ये त्याने कुठे गाडी बदलली ते मात्र त्यातून कळत नाही, त्यासाठी फलाटावर आणि एका फलाटावरून दुसऱ्याकडे चालत जायच्या जोडमार्गांवर मोजणी करावी लागते. डब्याखालच्या हवेच्या उशांवरचा दाब मोजून गाडीतलं वजन, आणि त्यावरून माणसांची संख्या काढण्याची सोय बऱ्याच नव्या गाड्यांत असते. ही माहिती मिळत असेल तर ती सोन्यासारखी आहे, कारण डब्याडब्यातला फरकही तिच्यात दिसतो. पुढचे दोन डबे ओसंडून वाहतायत आणि शेवटच्या दोन डब्यांत हातपाय पसरायला जागा आहे, असं असेल तर दोष फलाटावरच्या जिन्यांच्या जागेत आहे, आणि तो नव्या मार्गिकेशिवाय दुरुस्त होतो.

गर्दी मोजायची भाषाही ठरवून घ्यावी लागते. जपानमध्ये टक्क्यांत मोजतात. १०० टक्के म्हणजे प्रत्येकाला बसायला जागा, किंवा धरायला कडी वा खांब. २०० टक्क्यांना अंगाला अंग घट्ट लागतं, दाब जाणवतो, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. २५० टक्क्यांना गाडी हेलकावली की शरीर तिरकं होतं आणि हातही हलवता येत नाही. अशी व्याख्या ठरलेली असली की "फार गर्दी" आणि "थोडी गर्दी" यावर वाद घालण्यात बैठका वाया जात नाहीत.

आणि आधी स्वस्त उपाय संपवायचे. सिग्नल यंत्रणा बदलून गाड्या जवळजवळ सोडणं, फलाट लांबवून डबे वाढवणं, डब्यांमधल्या भिंती काढून आरपार चालता येईल अशा गाड्या आणणं, शेवटच्या स्थानकात गाडी वळवण्याचा वेळ कमी करणं. पॅरिसच्या आरईआर ए या उपनगरी रेल्वेमार्गावर १९८९ साली नवी सिग्नल यंत्रणा आली आणि दोन गाड्यांमधलं अंतर १५० सेकंदांवरून १२० वर आलं. लंडनची व्हिक्टोरिया मार्गिका २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या सोडते, म्हणजे दर १०० सेकंदांना एक. जिथे हे सगळं करून झालं आहे आणि तरी शिखर क्षमतेच्या वर आहे, तिथे नवे रूळ टाकण्याला पर्याय उरत नाही.

प्रवासी गाडी का बदलतो, का बदलत नाही

संगणकावरचं प्रवासी-अंदाजाचं प्रारूप कितीही गुंतागुंतीचं असलं, तरी त्याच्या तळाशी एका माणसाचा एक निर्णय असतो. तो हातानेच सोडवून पाहू, म्हणजे आखणीतली निम्मी भांडणं समजतील.

एक प्रवासी जुन्या मार्गाने येतो आहे. 'म' स्थानकावर त्याला दोन वाटा आहेत. त्याच गाडीत दाटीवाटीत उभं राहून आणखी १६ मिनिटांत मध्यभागी पोहोचायचं, किंवा 'म' ला उतरून नवी गाडी पकडायची, जी ११ मिनिटांत पोहोचवते. घड्याळात नवी गाडी पाच मिनिटांनी पुढे आहे. पण माणसाच्या मनातलं घड्याळ वेगळं चालतं. जगभरच्या पाहण्यांतून दिसतं की वाट पाहण्याचं आणि चालण्याचं एक मिनिट त्याला गाडीतल्या बसल्या मिनिटाच्या साधारण दुप्पट वाटतं. गाडी बदलण्याचा नुसता त्रास म्हणून वर पाच-दहा मिनिटं धरावी लागतात. गर्दीत उभं राहण्याचं मिनिट दीडपट किंवा त्याहून जास्त भरतं.

जुन्या गाडीत थांबला तर १६ गुणिले दीड, म्हणजे २४. नवी घ्यायची तर, जोडमार्ग लांब असेल आणि चालायला साडेतीन मिनिटं लागत असतील, त्याचे ७ झाले. गाडी दर चार मिनिटांनी असेल तर सरासरी दोन मिनिटं वाट, त्याचे ४. गाडीतले ११. बदलण्याचा त्रास ५. बेरीज २७. माणूस जुन्या गाडीतच थांबतो, आणि गर्दी जशीच्या तशी राहते.

आता तेच स्थानक असं बांधा की नवी गाडी त्याच फलाटाच्या समोरच्या बाजूला लागते. चालायला अर्धं मिनिट, त्याचं १. गाडी दर दोन मिनिटांनी, म्हणजे एक मिनिट वाट, त्याचे २. गाडीतले ११, त्रास ५. बेरीज १९. माणूस उतरतो. मार्गिका तीच, वेग तोच, स्थानकाचं नावही तेच. फरक पडला तो जोडमार्गाच्या तीन मिनिटांनी आणि गाड्यांच्या वारंवारितेने.

व्हिक्टोरिया मार्गिकेच्या आखणीत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ऑक्सफर्ड सर्कस, फिन्सबरी पार्क, हायबरी अँड इझलिंग्टन, युस्टन, स्टॉकवेल या स्थानकांत समोरासमोरच्या फलाटावर गाडी बदलता येते. नवी भुयारं जुन्या फलाटांच्या शेजारी, त्याच पातळीला आणणं अतिशय किचकट काम आहे. काही ठिकाणी तर जुने रूळ दुसऱ्या फलाटाकडे वळवावे लागतात. ऑक्सफर्ड सर्कसला तिकीटगृह जमिनीखाली खोदताना वरचा चौक बंद पडू नये म्हणून १९६३ साली चौकावर पोलादी पूल उभारला आणि काही वर्षं वाहतूक त्यावरून चालवली. एवढा खटाटोप त्या दोन-तीन मिनिटांसाठी होता, आणि तो योग्यच होता असं आमचं ठाम मत आहे.

गाडी बदलायचीच गरज पडू नये, हा त्याहून वरचा मार्ग. टोकियोत २००८ साली सुरू झालेली फुकुतोशिन मार्गिका इकेबुकुरो, शिंजुकु आणि शिबुया या महागर्दीच्या केंद्रांमधून यामानोते या जुन्या वर्तुळाकार रेल्वेमार्गाला समांतर जाते. उपनगरांतल्या खासगी रेल्वेच्या गाड्या थेट तिच्या रुळांवर येतात. प्रवासी आपल्या जागेवरून न उठता मध्यभागात पोहोचतो. यासाठी रुळांची रुंदी, विजेचा दाब, गाडीची लांबी-रुंदी, दारांच्या जागा आणि सिग्नल, सगळं जुळावं लागतं. त्यामुळे हा निर्णय पहिल्या दिवशी घ्यावा लागतो.

गर्दीच्या अलीकडे गाठायचं

नवी मार्गिका जुन्या मार्गाला कुठे भेटते यावर सगळं अवलंबून आहे. भेट गच्च पट्ट्याच्या अलीकडे, उपनगराच्या बाजूला झाली पाहिजे. गच्च पट्टा ओलांडून आलेल्या प्रवाशाला नवी गाडी दाखवून उपयोग नाही. जो त्रास द्यायचा तो त्याने देऊन झालेला असतो.

टोरोंटोतली ऑन्टारियो मार्गिका याचं चांगलं उदाहरण आहे. १५.६ किलोमीटर, १५ स्थानकं, काम चालू आहे. तिथे पूर्वेकडून येणारे प्रवासी ब्लूर-यंग स्थानकापर्यंत येऊन दक्षिणेकडची गाडी पकडतात, आणि ते स्थानक व तिथून खाली जाणारी मार्गिका त्यांच्या भाराने दबून जाते. नवी मार्गिका त्यांना बरीच स्थानकं आधी, पेप स्थानकातच, मध्यभागाकडे जायची दुसरी वाट देते.

उलटी चूक फार सहज होते. जुना मार्ग गच्च असताना त्याचं टोक आणखी पुढच्या उपनगरात वाढवायचं, हे लोकांना हवं असतं आणि बांधायला स्वस्तही पडतं. पण वाढवलेल्या टोकावर चढलेला प्रत्येक माणूस शेवटी त्याच गच्च पट्ट्यातून जातो. एखादी आडवी मार्गिका आणून ती गच्च पट्ट्याच्या तोंडाशीच जोडली, तरी तेच होतं: नवे प्रवासी गोळा करून तिथेच ओतले जातात. अशा मार्गिका बांधू नयेत असं नाही. भार वाटून घेणारी मार्गिका त्यांच्या आधी चालू व्हायला हवी, एवढंच.

टप्पे पाडतानाही हेच पाहायचं. कमी अडचणींचा बाहेरचा भाग आधी उघडला आणि मध्यभागातला भाग पाच वर्षांनी आला, तर ती पाच वर्षं नवी मार्गिका जुन्या मार्गाला माणसं पुरवत राहते. न्यूयॉर्कची सेकंड अॅव्हेन्यू मार्गिका १९२० च्या दशकापासून कागदावर होती. १९७२ साली काम सुरू झालं, १९७५ साली शहराच्या आर्थिक संकटात थांबलं, आणि पहिला टप्पा १ जानेवारी २०१७ ला उघडला. सुमारे ४.४५ अब्ज डॉलर खर्चून नवी स्थानकं फक्त तीन. तरीही तो टप्पा कामाचा ठरला, कारण गाड्या तिथून जुन्याच रुळांवर येऊन थेट मध्य मॅनहॅटनमध्ये जात होत्या, आणि शेजारच्या लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू मार्गावरच्या स्थानकांतली गर्दी खरोखर कमी झाली.

एक जादा थांबा किती महाग पडतो

आखणी जाहीर झाली की प्रत्येक वस्ती आपल्यासाठी स्थानक मागते. मागणी रास्तच असते. तिची किंमत मात्र मांडून दाखवली पाहिजे. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर जाते. सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी केला आणि पुन्हा वाढवला, तर न थांबता जाणाऱ्या गाडीच्या तुलनेत २२ सेकंद जातात. वर ३० सेकंदांचा थांबा. म्हणजे एका स्थानकामागे ५२ सेकंद.

२० किलोमीटरच्या मार्गिकेवर अशी तीन स्थानकं वाढली, तर एका बाजूला अडीच मिनिटांहून जास्त गेली. वरचा २४ आणि १९ चा हिशोब आठवा. त्यातला फरक पाचच मिनिटांचा होता. आणि खर्च फक्त स्थानकांचा नसतो. जाऊन-येऊन आणि दोन्ही टोकांना वळून ८० मिनिटं लागत असतील, तर दर दोन मिनिटांना गाडी सोडायला ४० गाड्या लागतात. तीन थांब्यांनी फेरी ८५ मिनिटांवर गेली की ४३ लागतात. तीन गाड्या, म्हणजे १८ डबे, त्यांची आगारातली जागा आणि त्यांची वीज.

पॅरिसच्या १४ क्रमांकाच्या मार्गिकेचं मुख्य काम आरईआर ए चा मध्यभागातला भार उचलण्याचं होतं. १९९८ साली ती फक्त सात स्थानकांसह उघडली आणि स्थानकांमधलं अंतर शहरातल्या जुन्या मेट्रोपेक्षा बरंच जास्त ठेवलं. जुन्या गाडीपेक्षा ठळकपणे जलद, तरच लोक वळतात.

जोडस्थानकाची मापं

इथे हयगय झाली की बाकी सगळं बरोबर असूनही मार्गिका फसते, म्हणून थोडं सविस्तर.

नव्या गाडीतून दर दोन मिनिटांना ६०० माणसं उतरून जुन्या फलाटाकडे जाणार आहेत असं धरू. पुढची गाडी यायच्या आत फलाट मोकळा हवा, म्हणजे ९० सेकंदांत सगळी वर गेली पाहिजेत. मिनिटाला ४०० माणसं. एक मीटर रुंद पायरीचा सरकता जिना व्यवहारात मिनिटाला १०० माणसं नेतो. कागदावर तो जास्त दाखवतात, पण प्रत्येक पायरीवर दोन माणसं कधीच उभी राहत नाहीत. म्हणजे त्या एका दिशेला चार सरकते जिने. एक दुरुस्तीसाठी बंद असणारच, म्हणून पाच. पुढच्या बोळातून एका दिशेने जाणाऱ्या गर्दीसाठी मीटरभर रुंदीतून मिनिटाला ५० माणसं जातात. म्हणजे आठ मीटर मोकळी रुंदी. खांब, बाक आणि जाहिरातीची यंत्रं वगळून. समोरून येणाऱ्यांची रुंदी वेगळी. इथे खर्च वाचवायला दोन जिने कमी केले की फलाटावर रांग मागे सरकते, पुढची गाडी त्या रांगेत माणसं ओतते, आणि मग स्थानक नियंत्रकाला गाडी न थांबवता पुढे काढायचा आदेश द्यावा लागतो.

खोलीचाही हिशोब आहे. नेहमीचा सरकता जिना सेकंदाला अर्धा मीटर चालतो आणि तीस अंशांत चढतो, म्हणजे उभी उंची सेकंदाला पाव मीटर. स्थानक ३० मीटर खोल असेल तर उभं राहून वर यायलाच दोन मिनिटं जातात. जमिनीखालच्या अडचणी टाळायला मार्गिका आणखी दहा मीटर खाली नेली, तर प्रत्येक प्रवाशाची जाता-येता मिळून जवळजवळ दीड मिनिटं रोज जातात.

जुना फलाट ही वेगळी चिंता. तो साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गर्दीसाठी बांधलेला असतो, आणि नवी मार्गिका जोडली की गाडीतला भार घटला तरी त्याच एका फलाटावरची वर्दळ वाढते. लंडनच्या बँक स्थानकात नॉर्दर्न मार्गिकेसाठी २०२२ मध्ये दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचं नवं भुयार आणि नवा फलाट सुरू केला, आणि जुन्या फलाटाच्या जागेचा माणसांना वावरायला उपयोग केला. गाड्या चालू ठेवून जिवंत स्थानकाच्या पोटात असं काम करणं महाग आणि वेळखाऊ असतं. अंदाजपत्रकात ते "जुन्या स्थानकातील किरकोळ सुधारणा" अशा एका ओळीत दडपलेलं दिसलं, तर तिथेच थांबून प्रश्न विचारावा.

आगीचा नियमही हीच मापं ठरवतो. एनएफपीए १३० हे जगभर वापरलं जाणारं मानक सांगतं की फलाट चार मिनिटांत रिकामा झाला पाहिजे आणि सहा मिनिटांत सगळे सुरक्षित जागी पोहोचले पाहिजेत. बऱ्याचदा जिन्यांची संख्या रोजच्या गर्दीपेक्षा या अटीवर ठरते.

जमिनीखाली काय निघतं

गाडीचे रूळ नकाशावर सरळ रेघ असतात. जमिनीखाली त्यांना जुन्या इमारतींचे पाये, मलवाहिन्या, जुनी भुयारं आणि भूजल चुकवत जावं लागतं. वळण ३०० मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र झालं की चाकं किंचाळतात, रूळ झिजतात आणि वेग उतरतो. फलाट शक्यतो सरळ ठेवतात, कारण वळणावर डबा आणि फलाट यांच्यात फट पडते.

भुयारयंत्र एकसंध खडकात किंवा एकसंध चिकणमातीत सुरळीत चालतं. त्याच्या तोंडाशी खालच्या अर्ध्यात कठीण खडक आणि वरच्या अर्ध्यात पाणी धरलेली सैल माती आली, की खडक फोडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात वरची माती जास्त आत ओढली जाते. वर रस्ता खचतो. म्हणून मार्गावर ठरावीक अंतरावर खोल छिद्रं घेऊन नमुने तपासतात, आणि खडक व माती जिथे बदलतात तिथे छिद्रं आणखी जवळ घेतात. या तपासणीवर वाचवलेला पैसा पुढे कित्येक पटींनी जातो.

लोकांना भुयार महाग वाटतं, पण खर्चाचा मोठा भाग स्थानकांत असतो. रस्ता खोदून बांधायचा स्थानकाचा खड्डा दोनशे मीटर लांब आणि वीस-पंचवीस मीटर रुंद सहज होतो. त्यातला फलाटाचा भाग गाडीएवढाच. उरलेल्या जागेत हवा खेळवणारे पंखे, वीज, पंप, कर्मचाऱ्यांच्या खोल्या. ही उरलेली जागा आवळली तर खर्चात खरा फरक पडतो. त्यासाठी फलाटाची लांबी आणि जिन्यांची रुंदी कापू नये. पॅरिसच्या १४ क्रमांकाच्या मार्गिकेवर सुरुवातीला सहा डब्यांच्या गाड्या धावत होत्या, पण फलाट पहिल्यापासून १२० मीटरचे, आठ डब्यांचे बांधले होते. २०२० मध्ये ती उत्तरेकडे वाढली, १३ क्रमांकाच्या मार्गिकेचा भारही तिच्यावर घ्यायचा होता, तेव्हा आठ डब्यांच्या गाड्या आणता आल्या. भुयारातला फलाट नंतर लांबवणं जवळपास अशक्य असतं.

टोकाचं स्थानक आणि आगार

मार्गावर दर दोन मिनिटांना गाडी सोडायची तर टोकालाही दर दोन मिनिटांना गाडी वळली पाहिजे. फलाटाच्या अलीकडे रूळ बदलणारा कैचीचा सांधा असेल, तर येणारी आणि जाणारी गाडी एकमेकींची वाट अडवतात आणि गाडीचालकाला दुसऱ्या टोकाच्या खोलीत चालत जायला वेळ मिळत नाही. फलाटाच्या पलीकडे दोन गाड्या उभ्या राहतील एवढे रूळ वाढवले, तर प्रवासी आधीच उतरलेले असतात आणि गाडी निवांत वळते. हे दोन-तीनशे मीटर "प्रवाशांच्या उपयोगाचे नाहीत" म्हणून कापले जातात, आणि मग सगळ्या मार्गाची क्षमता टोकाशी अडते.

४३ गाड्यांच्या मार्गिकेला राखीव धरून ४७-४८ गाड्या उभ्या करायची, धुवायची आणि दुरुस्त करायची जागा लागते. सपाट, अनेक हेक्टरांची आणि मार्गाला लागून. शहरात अशी जागा एक-दोनच मिळतात, म्हणून बऱ्याचदा आगार कुठे मिळतं यावरून मार्गिकेचं टोक ठरतं. आगाराचा वाद शेवटी मिटवू म्हणून मागे टाकला, तर भुयार तयार आणि गाड्यांना निजायला जागा नाही, अशी वेळ येते.

अंदाज, आणि सुरू झाल्यावर

डेन्मार्कचे संशोधक बेंट फ्लिव्ह्बियर्ग यांनी सहकाऱ्यांसह जगभरातल्या मोठ्या प्रकल्पांचा हिशोब तपासला. रेल्वे प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी ४५ टक्क्यांनी जास्त आणि प्रत्यक्ष प्रवासी अंदाजाच्या जवळजवळ निम्मे निघाले. म्हणून आपल्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा तशाच झालेल्या प्रकल्पांत काय घडलं ते पाहून त्यात वाढ-घट करणं जास्त खात्रीचं. भार वाटण्याच्या मार्गिकेत धोका दोन्ही बाजूंनी असतो. प्रवासी कमी आले तर पैसा अडकला, जास्त आले तर नवी मार्गिकाही गच्च.

चाचण्यांचा वेळ कधीही कापू नये. लंडनची एलिझाबेथ मार्गिका डिसेंबर २०१८ मध्ये उघडायची होती, ती मे २०२२ मध्ये उघडली. भुयारं बरीच आधी खोदून झाली होती. वेळ गेला तो स्थानकांमधली राहिलेली कामं आणि यंत्रणा एकमेकींशी जुळवण्यात. त्या गाड्यांना एका फेरीत तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणांतून जावं लागतं.

सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जुन्या गाडीत ऐसपैस जागा होते. मग ती हळूहळू भरू लागते. गर्दी टाळायला तासभर आधी निघणारे पुन्हा सोयीच्या वेळेला येतात, बसने किंवा मोटारीने जाणारे रेल्वेकडे वळतात, लांबच्या मार्गाने फिरून जाणारे सरळ येऊ लागतात. पुढे स्थानकांभोवती नवी घरं आणि कचेऱ्या उभ्या राहतात. आरईआर ए चा मध्यभागातला पट्टा १९७७ साली उघडला. त्याने जुन्या १ क्रमांकाच्या मार्गिकेचा भार उचलला, आणि पुढे त्याचाच भार उचलायला १४ क्रमांकाची मार्गिका लागली. याला अपयश म्हणता येत नाही, कारण तासभर आधी निघणाऱ्या माणसाला त्याची झोप परत मिळाली आहे. पण तपासणीत नुसती डब्यातली दाटी मोजली तर हा लाभ दिसत नाही. म्हणून उद्घाटनाच्या आधीच्या वर्षभरात दर पंधरा मिनिटांचा भार, जुन्या जोडस्थानकातला प्रत्येक गाडीचा थांबा आणि फलाटावर सोडाव्या लागलेल्या गाड्या यांची नोंद करून ठेवायची, आणि नंतर त्याच स्थानकात, त्याच फलाटावर, त्याच वेळेला पुन्हा मोजायची. ६० सेकंदांचा थांबा ४० वर आला असेल, तर जुन्या वेळापत्रकात तासाला आणखी चार गाड्या बसतात, आणि त्या लगेच सोडायच्या असतात.